रक्ताचे नाते : देणे आणि पेलणे



‘रक्ताचे नाते’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. मामा, आत्या, चुलते सगळेच रक्ताचे. पण घरात कुणाला रक्ताचा कर्करोग होऊन मूलपेशींची गरज पडली, म्हणजे तोच शब्द एकदम काटेकोर होतो. सहाव्या गुणसूत्रावरील काही खुणा जुळाव्या लागतात. त्यांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. म्हणून सख्खे भावंड पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. दोन भावंडे असली तरी त्यांतले एखादे जुळण्याचा संभव निम्म्याहून कमीच. कुटुंबे लहान झाली, तसा हा संभवही आटला. मौज अशी की, रक्तगट जुळलाच पाहिजे असे नाही. पुढे रोग्याचाच रक्तगट बदलून दात्याचा होतो.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी मार्च १९८३ मध्ये असे प्रतिरोपण केले. रोगी नऊ वर्षांची मुलगी, दाता तिचा भाऊ. त्या काळी दात्याला भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा ओढून घेत. आजही काही वेळा घेतात. पण पुष्कळदा वाट दुसरी असते. मूलपेशी ही साऱ्या रक्तपेशींची आई. तिचे घर मज्जेत. रक्तात ती क्वचित उतरते. जी-सीएसएफ नावाचे औषध चार-पाच दिवस कातडीखाली टोचले, की तिला मज्जेत धरून ठेवणारे बंध सैल होतात. मग दात्याचे रक्त काही तास यंत्रातून फिरवून मूलपेशी तेवढ्या वेगळ्या काढतात आणि उरलेले रक्त त्याला परत देतात.

दात्याची हाडे ठणकतात, डोके दुखते. यंत्रावर असताना ओठांना मुंग्या येतात, कारण रक्त गोठू नये म्हणून घातलेले सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवते. प्लीहा सुजते, ती फुटल्याची उदाहरणे अत्यंत विरळा, पण आहेत. ती दात्याला सांगितलीच पाहिजेत.

देणाऱ्याचे काम येथे बहुतेक संपते. घेणाऱ्याचे सुरू होते. तीव्र औषधांनी त्याची स्वतःची मज्जा आधीच मोडलेली असते. नव्या पेशी रुजेपर्यंत दोन-तीन आठवडे तोंड सोलवटते, साधा जंतूही जिवावर बेततो. रुजल्यावर दुसरे संकट. भावाच्या पांढऱ्या पेशींना हे शरीर परके वाटते. पाहुणाच यजमानावर उठतो. अंगावर पुरळ, जुलाब, कावीळ. पुढे कोरडे डोळे, ताठरलेली कातडी, कधी फुप्फुसांचा विकार. हा दीर्घ विकार मज्जेपेक्षा रक्तातून घेतलेल्या पेशींनी अधिक होतो. म्हणून थॅलसेमियासारख्या कर्करोग नसलेल्या आजारात डॉक्टर सहसा मज्जाच पसंत करतात. कर्करोगात मात्र हीच भांडखोर वृत्ती उरल्यासुरल्या रोगपेशी मारते. तेव्हा तिला दाबावयाचे, पण पुरते नव्हे, अशी ही तारेवरची कसरत आहे.

आता मुख्य मुद्दा. समजा, लग्न झालेली बहीण जुळली. माहेर म्हणते, ‘तिने दिलेच पाहिजे’. सासर म्हणते, ‘देऊ देणार नाही.’ तिला मात्र कुणी विचारीत नाही! तिला एकटीला विचारावे, आणि रोग्याच्या डॉक्टरांनी नव्हे, दुसऱ्या डॉक्टरांनी तपासावे. ‘नाही’ म्हणावयाचे तर ते वेळेवर म्हणता आले पाहिजे. रोग्याची मज्जा मोडल्यानंतरचा नकार म्हणजे बहुधा त्याचा मृत्यू. अर्धवट जुळणारे नातेवाईक, नोंदणीतले परके दाते हे मार्गही आज आहेत. म्हणून सक्तीचे कारण उरत नाही.

आणि दिल्यानंतर भावाला त्रास झाला, तर ‘माझ्याच रक्ताने त्याला छळले’ असा सल तिच्या मनात राहतो. हा दोष तिचा नव्हे, ही निसर्गाची रीत आहे, एवढे तिला आधीच सांगणे हे उपचाराचेच अंग आहे. दान मोकळ्या मनाने दिलेले असावे आणि त्याची किंमत दोघांनाही आधी ठाऊक असावी, एवढेच माझे मागणे आहे.