विंडोज नवं टाकलं, मराठी कुठं गेलं?

1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. नोकरीसाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबं इथलीच झाली. अशा घरातल्या जुन्या संगणकात आजोबांची पत्रं असतात, वंशावळ असते. विंडोज नव्यानं टाकलं, फाइल उघडली, आणि मराठीच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं! फाइल बिघडली समजून ती पुसू नका.

कारण साधं आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये ‘राम’ लिहिलं, की फाइलमध्ये जे, के, ई ही इंग्रजी अक्षरं साठतात. त्यांना ‘राम’चं रूप देतो तो फॉन्ट. विंडोजबरोबर तोच गेला.

मग करायचं काय? आधी फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. वर्डमध्ये मजकूर निवडा. फॉन्टच्या चौकटीत हरवलेल्या फॉन्टचं नाव दिसेल. सी ड्राइव्ह फॉरमॅट केला नसेल, तर तिथं ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर शोधा. त्यातल्या ‘विंडोज’मधल्या ‘फॉन्ट्स’मध्ये तो सापडू शकतो. हा फोल्डर साधारण 10 दिवसांनी आपोआप पुसला जातो, म्हणून आजच बघा. फॉन्ट इन्स्टॉल करा, फाइल पुन्हा उघडा.

अक्षरं दिसली, की कन्व्हर्टरनं मजकूर युनिकोडमध्ये आणा. जोडाक्षरं आणि रफार नीट तपासा, मूळ फाइलही जपा. युनिकोडमध्ये 1991 पासून देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत. पुढं विंडोज कितीदा बदललं, तरी ‘राम’ रामच राहील.