देहाची साक्ष आणि गुन्ह्याचा पुरावा

कारागृहातून निसटलेला खुनी आणि माणसांच्या हालचाली वाचत त्याच्या मागावर निघालेला तपास अधिकारी ही जोडी आधुनिक रहस्यकथेला विशेष प्रिय आहे. अमेरिकन लेखक जेफ्री डीव्हर यांच्या 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द स्लीपिंग डॉल’ या कादंबरीत कॅथरिन डान्स ही कॅलिफोर्नियातील अधिकारी डॅनिएल पेल नावाच्या पळालेल्या खुन्याचा शोध घेते, आणि तिचे मुख्य साधन असते देहबोली, म्हणजे माणसाची नजर, चेहऱ्यावरचे बदल, हातापायांची चाळवाचाळव, आवाजाचा चढउतार आणि बसण्याउठण्याची ढब यांतून मनातले ओळखण्याची विद्या. या विद्येच्या अभ्यासाला रे बर्डव्हिसल या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने 1952 मध्ये ‘कायनेसिक्स’ असे नाव दिले, आणि पुढे पोलीस प्रशिक्षणापासून चित्रपटांपर्यंत सर्वत्र तिचा बोलबाला झाला. गुन्हेगाराचा देह त्याच्याविरुद्ध साक्ष देतो, ही समजूत मनाला पटकन पटणारी असली, तरी ती कितपत खरी आहे आणि न्यायाच्या कामी तिच्यावर किती भार टाकावा, हा प्रश्न कादंबरीच्या पलीकडचा असून प्रत्येक नागरिकाच्या स्वातंत्र्याशी निगडित आहे.

हा प्रश्न भारताला नवा नाही. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात, म्हणजे दाव्यांच्या आणि न्यायदानाच्या प्रकरणात, दोषी माणसाची लक्षणे सांगितली आहेत: तो एका जागी स्थिर राहत नाही, ओठांचे कोपरे चाटतो, त्याच्या कपाळावर घाम येतो, चेहऱ्याचा रंग उतरतो, वाणी कोरडी पडून अडखळते, तो परस्परविरुद्ध आणि फार बोलतो आणि समोरच्याच्या नजरेला नजर देऊन नीट उत्तर देत नाही. मनुस्मृतीनेही आकार, हावभाव, चाल, बोलणे आणि डोळ्यांतले विकार यांवरून अंतःकरण ओळखावे असे राजाला सांगितले आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात घाम, कंप, रोमांच, स्वरभंग, वर्ण उतरणे आणि अश्रू यांची गणना सात्त्विक भावांत केली आहे, कारण हे विकार मनाची तशी अवस्था झाल्याशिवाय उमटत नाहीत, असे त्या शास्त्राचे म्हणणे आहे. विसाव्या शतकातील देहबोलीच्या पुस्तकांत जी यादी छापली जाते, तिचा बराचसा भाग अशा रीतीने या प्राचीन ग्रंथांत आधीच आलेला आहे.

परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट या यादीवरील भाष्यात आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण येथे, विज्ञानेश्वराने अकराव्या शतकाच्या अखेरीस आणि बाराव्या शतकाच्या आरंभीच्या काळात याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वारसा हक्काच्या संदर्भात महाराष्ट्रातील वकील आणि न्यायाधीश या ग्रंथाला पिढ्यानपिढ्या ओळखतात, पण साक्षीदाराच्या चेहऱ्याविषयी विज्ञानेश्वराने दिलेला इशारा मात्र फारसा सांगितला जात नाही. घाम, अडखळणे, रंग उतरणे ही लक्षणे दोषाची केवळ शक्यता दाखवतात, दोषाचा निश्चय करत नाहीत, कारण एखादा विकार त्या माणसाच्या स्वभावातलाच आहे की प्रसंगामुळे उद्भवला आहे हे ओळखणे अतिशय अवघड असते, असे त्याने स्पष्ट म्हटले आहे. एखाद्या निष्णात माणसाला हा भेद ओळखता आला, तरीही तेवढ्यावरून पक्षकाराला हरलेला ठरवता येत नाही, कारण माणूस मरणार असे चिन्ह दिसले म्हणून कोणी त्याचे अंत्यविधी उरकत नाही, अशी त्याची पुढची मांडणी आहे. देहबोलीविषयीचा संपूर्ण आधुनिक वाद या दोन वाक्यांत सामावलेला आहे, आणि तो सोडवण्याची दिशाही त्यांतच आहे.

पळालेल्या खुन्याचा आणि त्याला हेरणाऱ्या अधिकाऱ्याचा वास्तवातला प्रसंग शोधायचा झाल्यास मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे आणि चार्ल्स शोभराज यांचा प्रसंग उभा राहतो. 1975 आणि 1976 या काळात आशियातील पर्यटक मार्गांवर झालेल्या खुनांच्या मालिकेशी शोभराजचे नाव जोडले गेले होते. 1976 मध्ये दिल्लीत फ्रेंच पर्यटकांच्या एका गटाला गुंगीचे औषध दिल्यानंतर तो पकडला गेला आणि तिहार कारागृहात शिक्षा भोगू लागला. 16 मार्च 1986 रोजी वाढदिवसाच्या निमित्ताने वाटलेल्या खाद्यपदार्थांत गुंगीचे औषध मिसळून त्याने पहारेकऱ्यांना बेशुद्ध केले आणि तो सहकाऱ्यांसह तिहारमधून बाहेर पडला. जेमतेम तीन आठवड्यांनी, 6 एप्रिल 1986 रोजी, गोव्यातील पर्वरी येथे ‘ओ कोकेरो’ या उपाहारगृहात झेंडे यांनी त्याला पकडले.

या अटकेत निरीक्षणाचा वाटा मोठा होता, पण त्याचे स्वरूप बारकाईने पाहिले पाहिजे. झेंडे यांनी शोभराजला पहिल्यांदा 1971 मध्ये मुंबईत अटक केली होती, म्हणजे त्याचा चेहरा, त्याची चाल आणि त्याचा वावर त्यांनी पूर्वी प्रत्यक्ष पाहिला होता. परदेशी दूरध्वनी लावण्याची सोय त्या काळी मोजक्या ठिकाणी होती आणि फरारी माणसाला ती लागणारच, या तर्काने ते त्या उपाहारगृहापर्यंत पोहोचले. पुढे मुलाखतींत त्यांनी सांगितलेल्या आठवणींनुसार, टॅक्सीतून उतरलेल्या माणसांनी रात्रीच्या वेळी उन्हाच्या टोप्या घातलेल्या पाहून त्यांना पहिला संशय आला, आणि मग जवळून पाहिल्यावर त्यांची खात्री पटली. येथे कपाळावरचा घाम किंवा चळलेली नजर यांनी काही सिद्ध केले नाही. वेळेशी विसंगत अशा एका वस्तूने लक्ष वेधले, आधीच्या परिचयाने ओळख पक्की केली आणि फरारीपणाच्या नोंदीने अटकेला कायदेशीर आधार दिला.

उलट, देहबोलीवर विसंबणे किती धोक्याचे आहे हे शोभराजच्याच आयुष्यातून दिसते. मृदू बोलणे, रत्नांच्या व्यापाऱ्याचा रुबाब, आजारी पर्यटकाची शुश्रूषा करणाऱ्या मित्राचा आव आणि कोणत्याही प्रसंगी न ढळणारा आत्मविश्वास हीच त्याची हत्यारे होती, आणि त्याच्या जाळ्यात सापडलेल्या तरुण प्रवाशांना त्याच्या चेहऱ्यावर धोक्याची कोणतीही खूण दिसली नव्हती. त्याच्याविरुद्धचा खरा पुरावा उभा राहिला तो कागदांमधून. बँकॉकमधील डच राजनैतिक अधिकारी हर्मन क्निपेनबर्ग यांनी एका बेपत्ता डच जोडप्याच्या शोधातून कागदपत्रे, जबान्या आणि वस्तू चिकाटीने जमवल्या आणि वर्षानुवर्षे जपून ठेवल्या. 2003 मध्ये शोभराज काठमांडूत सापडला, 1975 मधील एका खुनाबद्दल त्याला 2004 मध्ये नेपाळच्या न्यायालयाने जन्मठेप दिली, दुसऱ्या खुनाबद्दल तो 2014 मध्ये दोषी ठरला आणि डिसेंबर 2022 मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सुटला. अनेक देशांत ज्याच्या चेहऱ्याने माणसांना फसवले, त्याला अखेर दोषी ठरवणारे न्यायालय जुन्या नोंदींवर विसंबले.

वैज्ञानिक संशोधनाचा निष्कर्षही याच बाजूचा आहे. चार्ल्स बॉण्ड आणि बेला डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये खोटे ओळखण्याविषयीच्या शेकडो प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. या प्रयोगांत 24,000 हून अधिक माणसांनी दुसऱ्यांच्या बोलण्याचा खरेखोटेपणा ठरवण्याचा प्रयत्न केला होता, आणि त्यांचे सरासरी यश 54 टक्के होते, म्हणजे नाणेफेकीने मिळणाऱ्या 50 टक्क्यांहून ते जेमतेम सरस होते. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिझन यांनी 1978 मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींची पद्धतशीर वर्गवारी मांडली. क्षणार्धात उमटून विरणाऱ्या भावछटांचा, म्हणजे सूक्ष्म मुद्रांचा, अभ्यासही एकमन यांच्या नावाशी जोडलेला आहे. चेहऱ्यावर भीती उमटली हे या वर्गवारीने सांगता येते, पण ती भीती पकडले जाण्याची आहे की निर्दोष असूनही आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही याची आहे, हे कोणताही स्नायू सांगू शकत नाही. अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांचे वर्तन पाहून संशयित निवडण्याच्या कार्यक्रमावर 2007 पासून सुमारे 90 कोटी डॉलर खर्च झाल्यानंतर, त्या देशाच्या संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने 2013 मध्ये या पद्धतीला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे सांगून तिच्यावरील खर्च मर्यादित करण्याची शिफारस केली.

याचा अर्थ निरीक्षण निरुपयोगी आहे असा नव्हे. जबाबदार अभ्यासक आधी माणसाचे मूळ वर्तन पाहतात, म्हणजे नाव, गाव, कामधंदा अशा निरुपद्रवी प्रश्नांना उत्तर देताना तो कसा बोलतो आणि कसा बसतो याची नोंद घेतात, आणि नंतर विषय बदलल्यावर त्यात काय फरक पडला एवढेच टिपतात. हा फरक दिसला की तेथे अधिक प्रश्न विचारायचे असतात, निकाल द्यायचा नसतो. डच मानसशास्त्रज्ञ आल्डर्ट व्रिज यांनी तर लक्ष हालचालींवरून काढून कथनाकडे वळवले आहे. घडलेला प्रसंग शेवटाकडून आरंभाकडे सांगायला लावला, तर रचलेली गोष्ट सांभाळण्याचा बौद्धिक भार वाढतो आणि तिच्यातील विसंगती वर येण्याची शक्यता वाढते, असे त्यांच्या पद्धतीचे तत्त्व आहे. अशा विसंगतीची शहानिशा पुढे दूरध्वनीच्या नोंदी, तिकिटे, हजेरीपत्रके आणि स्वतंत्र साक्षीदार यांच्या आधारे करता येते.

भारतीय कायद्यानेही हीच मर्यादा जपली आहे. साक्ष नोंदवताना साक्षीदाराच्या आविर्भावाविषयी महत्त्वाचे वाटेल ते न्यायाधीशाने लिहून ठेवावे, अशी तरतूद 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 280 मध्ये होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. पण हा आविर्भाव साक्षीचे मोल ठरवताना विचारात घेण्याची एक बाब आहे, स्वतंत्र पुरावा नव्हे. देहातून सत्य काढून घेण्याच्या यांत्रिक उपायांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात निर्णय दिला, की नार्को चाचणी, खोटे पकडण्याचे यंत्र आणि मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख यांपैकी कोणतीही चाचणी संबंधिताच्या संमतीशिवाय करता येणार नाही, कारण संविधानाच्या अनुच्छेद 20(3) नुसार कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. या निर्णयाच्या दोनच वर्षे आधी, 2008 मध्ये, पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या अशाच चाचणीचा आधार घेतला होता आणि त्या निकालाची चर्चा जगभर झाली होती, हे लक्षात घेता 2010 च्या निर्णयाचे महत्त्व महाराष्ट्राला विशेष जाणवावे.

न्यायालयाबाहेरही, छत्तीसगडमधील रायपूरच्या भनपुरीसारख्या औद्योगिक वस्तीत, या साऱ्या चर्चेला रोजचा अर्थ आहे. भनपुरी, उरला आणि सिलतरा या पट्ट्यात कारखाने, गोदामे आणि मालमोटारींच्या आधारे जगणारी माणसे छत्तीसगडच्या गावांतून, ओडिशातून, बिहारमधून आणि विदर्भातूनही आलेली असतात, आणि प्रत्येकाची आदर दाखवण्याची, भीती लपवण्याची आणि परक्याशी बोलण्याची रीत वेगळी असते. रात्रपाळी करून आलेला मजूर पोलीस ठाण्यात मान खाली घालून, अडखळत, भलत्याच भाषेत उत्तरे देत असेल, तर त्यामागे अपराधाऐवजी थकवा, संकोच, भाषेची अडचण किंवा वडीलधाऱ्यांच्या नजरेला नजर न देण्याचा संस्कार असू शकतो. आणि त्याच ठाण्यात सराईत फसवणूक करणारा माणूस डोळ्याला डोळा देऊन शांतपणे बोलू शकतो. त्या मजुराचे मूळ वर्तन ज्याला ठाऊक नाही, त्याने त्याच्या चेहऱ्यावरून काढलेला निष्कर्ष ही विद्या नसून पूर्वग्रह आहे, आणि अशा पूर्वग्रहाची किंमत नेहमी गरीब आणि परगावच्या माणसालाच मोजावी लागते.

म्हणून रहस्यकथेचा आनंद घेताना वाचकाने तिच्यातील अचूक चेहरावाचन हे कथेचे सौंदर्य मानावे, न्यायाचा नियम मानू नये. चांगला तपास अधिकारी डोळे उघडे ठेवतो, विसंगती टिपतो, पण तिथून उठून पुरावा शोधायला जातो. निव्वळ देहाच्या खुणांवर माणसाला दोषी ठरवता येत नाही, हे विज्ञानेश्वराने सुमारे नऊशे वर्षांपूर्वी सांगितले, आधुनिक प्रयोगांनी मोजून दाखवले आणि सर्वोच्च न्यायालयाने माणसाच्या देहामनाकडून सक्तीने साक्ष काढण्याचा मार्गही बंद केला. शेजारी, नातेवाईक किंवा सहकारी यांच्यावर संशय आला, तर त्यांच्या चेहऱ्यावरून निवाडा न करता वस्तुस्थितीची चौकशी करावी, आणि पोलिसांपुढे साक्ष द्यायची वेळ आली, तर प्रत्यक्ष पाहिले आणि ऐकले तेवढेच सांगावे, एवढी शिस्त प्रत्येकाने स्वतःपुरती पाळली, तरी निर्दोष माणसाचे मोठे रक्षण होईल.