परदेशातला एक भाषाशिक्षक



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, पाळी सुटल्यावर. आज विषय विद्वानाचा आहे, पण नजर कष्टकऱ्याची राहील. तेवढी सवलत असावी.

मोत्सार्टच्या संगीतिकांना शब्द पुरवणारा लोरेन्झो दा पोन्ते हा इटालियन 1805 साली अमेरिकेत गेला. तिथे त्याने किराणा विकला, शिकवण्या केल्या, आणि 1825 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात तो इटालियनचा प्राध्यापक झाला. तो निदान आपली मायबोली शिकवीत होता. आमचे धर्मानंद कोसंबी अमेरिकेपर्यंत गेले ते पालीसाठी, आणि ती भाषा शिकायलाच त्यांना आधी परदेशी जावे लागले होते. बुद्धाच्या देशात पाली शिकवणारा गुरू मिळेना!

गोव्यातल्या साखवाळ गावी 1876 साली त्यांचा जन्म झाला. घर नारळाच्या बागांवर चाले, शाळा बेताचीच. ‘बालबोध’ मासिकात बुद्धाविषयी वाचले आणि मनाने ओढ घेतली. 1899 साली बायको-मुलीला मागे ठेवून ते निघाले. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, नेपाळ पाहिले, आणि 1902 साली सिंहलद्वीपात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकू लागले. मागे राहिलेल्या बाळाबाईंनी काय सोसले, हे आम्ही विसरू नये. एकाच्या ज्ञानाची किंमत पुष्कळदा दुसराच भरत असतो.

पुढे कलकत्ता विद्यापीठात दरमहा अडीचशे रुपये मिळत असता, महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे पन्नास रुपये पत्करले. पगाराचा करार करणारी आमची माणसे हे ऐकून कपाळाला हात लावतील!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. 1910 साली ते हार्वर्ड विद्यापीठात गेले, ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी. ते काम ज्यांनी आरंभिले होते ते वॉरन 1899 सालीच वारले होते. संपादक म्हणून नाव कोणाचे, यावरून प्राध्यापक लॅनमन आणि कोसंबी यांचे बिनसले. 1912 साली काम टाकून कोसंबी परत आले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. बापट, भागवत यांच्यासारखे पालीचे पंडित तिथेच त्यांच्या हाताखाली तयार झाले.

त्यानंतरही ते तीनदा हार्वर्डला गेले. काम पुरे व्हायला 1932 साल उजाडले. त्यांची देवनागरी आवृत्ती 1940 साली मुंबईत निघाली, आणि हार्वर्डची 1950 साली. तिच्यावर वॉरन यांच्या नावासोबत कोसंबींचेही नाव आहे. पण ते पाहायला कोसंबी नव्हते.

अडीचशे सोडून पन्नास घेणारा माणूस नावासाठी का अडला? मानाचा हव्यास म्हणावा तर तसे आयुष्य दिसत नाही. 1930 साली मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. 1937 साली परळच्या गिरणगावात त्यांनी बहुजनविहार काढला. आम्हाला वाटते, मजुरी कमी घेणे हा त्याग होऊ शकतो. पण केलेल्या कामावरचा हक्क सोडणे म्हणजे खोट्याला सही देणे. हा फरक त्यांना कळत होता.

आज तासिका तत्त्वावर भाषा शिकवणारे तरुण आमच्या कचेरीत येतात. तासाचे पैसे थकलेले असतात. पण त्यांचे पहिले गाऱ्हाणे पैशाचे नसते. “आम्ही इथे शिकवतो, असे लिहून तरी द्या,” एवढेच त्यांचे म्हणणे असते. दाखला नसला की वर्षांची नोकरी वाऱ्यावर जाते.

कोसंबी परके नव्हेत. त्यांचे ‘भगवान बुद्ध’ नागपूरच्या सुविचार प्रकाशन मंडळाने काढले. 4 जून 1947 रोजी, इथून जवळच सेवाग्रामला, अन्न सोडून त्यांनी देह ठेवला. नऊच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, याच शहरात लाखो माणसांनी बाबासाहेबांमागून त्रिशरण म्हटले, ते पालीतच. त्या गर्दीत गिरणीतली माणसेही होती. ज्या भाषेसाठी एका माणसाला देश सोडावा लागला, ती आमच्या वस्त्यांत आता मुलेबाळे म्हणतात. ती शिकवणाऱ्याच्या हाती आम्ही साधा नेमणुकीचा कागद देणार की नाही, एवढे या सभेने ठरवावे.