सर रिटायर झाले, आता ती वही कुणाकडं?

(ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं, तसंच बरंचसं ठेवलंय.)

मी नांदूरघाटहून बोलतोय. मागं ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या, हंगामाचे दिवस आहेत.

आजचा भाग एका ओळीवर आहे. आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गेल्या आठवड्यात त्यावर कुणीतरी बातमीचं कात्रण टाकलं. नेहमीसारखंच होतं ते. अमक्या प्राध्यापकांना पीएचडी, तमक्यांची अभ्यास मंडळावर निवड, रक्तदान शिबिर उत्साहात, वृक्षारोपण संपन्न. आणि सगळ्यात खाली एक ओळ, की आमचे सर नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाले, शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार करण्यात आला.

ग्रुपवर पन्नासएक हात जोडलेले इमोजी पडले. मीपण एक टाकला आणि फोन खिशात ठेवला. मग रात्री झोप येईना. कारण सरांची एक वही माझ्याकडं आहे, आणि त्या वहीचं आता काय करायचं हे मला कळत नव्हतं.

वहीचं सांगतो, पण त्याआधी थोडं मागं जाऊ.

आपल्यातले बरेच जण डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे विद्यार्थी आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव, या चार जिल्ह्यांचं हे विद्यापीठ. ते सुरू झालं २३ ऑगस्ट १९५८ ला, उद्घाटनाला पंडित नेहरू आले होते. त्याआधी आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात, त्यामुळं कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली. उस्मानिया १९१८ चं, आणि तिथं शिक्षणाचं माध्यम उर्दू. घरात मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या पोरानं उर्दूत शिकायचं आणि त्यासाठी हैदराबाद गाठायचं! १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज काढलं, आज आपण त्याला मिलिंद म्हणून ओळखतो. तेव्हा कुठं या भागातल्या गरीब पोरांना जवळचं दार उघडलं. पुढं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून विधिमंडळानं १९७८ मध्ये ठराव केला. नामविस्तार व्हायला मात्र १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. सोळा वर्षं लोक रस्त्यावर होते, घरं जळाली, माणसं गेली. आजही १४ जानेवारीला गावोगावचे लोक विद्यापीठाच्या गेटवर जमतात. त्यातल्या कित्येकांनी स्वतः कॉलेज पाहिलेलं नसतं, तरी ते विद्यापीठ त्यांना आपलं वाटतं.

मी हे कामून सांगतोय? कारण विद्यापीठ म्हणजे ते गेट आणि त्या इमारती, एवढंच आपल्या डोक्यात असतं. नांदूरघाटहून तिथं जायचं म्हणजे आधी बीड गाठायचं आणि तिथून पुढं साधारण सव्वाशे किलोमीटर. रोज कोण जाणार? म्हणून विद्यापीठ आपल्याकडं येतं ते माणसांच्या रूपानं. कॉलेजातला प्राध्यापक येतो, परीक्षेचे फॉर्म भरून घेणारा क्लार्क भेटतो. आणि वर्षातून सात दिवस एनएसएसचं शिबिर येतं.

एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, देशातल्या ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर, असा हिशेब. प्रत्येक युनिटला एक कार्यक्रम अधिकारी असतो, आणि तो कॉलेजातला प्राध्यापकच असतो. एनएसएसचा बिल्ला पाहिलाय का? कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक आहे त्यावर. चाकाला आठ आरे. आठ आरे म्हणजे आठ प्रहर, चोवीस तास सेवेला तयार असा त्याचा अर्थ. ही चोवीस तासांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मी एनएसएसला नाव दिलं ते खरं सांगायचं तर सर्टिफिकेटसाठी. शिबिर आमच्याच भागातल्या एका वस्तीवर, शाळेच्या खोल्यांत. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी सरांनी सर्वेक्षणाचे फॉर्म वाटले. घरोघर जायचं, कुटुंबप्रमुखाचं नाव, घरातल्या माणसांची संख्या, शिक्षण, शौचालय आहे का, असलं सगळं भरायचं.

पहिल्याच घरात एक आजी ओट्यावर बसलेली. मी विचारलं, “आजी, घरात माणसं किती?”

आजी म्हणली, “कोणते सांगू लेकरा? हायेत तेवढे, का असायला पाहिजेत तेवढे?”

मला काय लिहावं ते सुचेना. जानेवारी महिना. आपल्याकडं दसरा-दिवाळी झाली की कोयते निघतात. शहरातल्या मित्रांसाठी सांगतो, ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जायचं. सोबत लहान लेकरं. गावात उरतात म्हातारी माणसं आणि कुलपं. आणि आमचं शिबिर नेमकं त्याच दिवसांत, कारण कॉलेजच्या वेळापत्रकात तेव्हाच बसतं. म्हणजे आम्ही ज्या गावाची सेवा करायला गेलो होतो, ते गाव गावातच नव्हतं.

संध्याकाळी आम्ही फॉर्म घेऊन सरांकडं गेलो. बऱ्याच पोरांनी “घर बंद” असं लिहून मोकळं केलं होतं. सर चिडले नाहीत. त्यांनी एक दोनशे पानी वही काढली, पट्टीनं रेघा मारल्या आणि दोन रकाने केले. एका रकान्यावर लिहिलं ‘आज घरात’, दुसऱ्यावर ‘कारखान्यावर’. म्हणाले, “उद्या परत जा. बंद घराच्या शेजारी विचारा. कोण गेलंय, आणि त्यांच्यासोबत लेकरू किती वर्षांचं गेलंय ते लिहा.”

तीन दिवस आम्ही तेच केलं. तेव्हा कळलं की पोरं नुसती गेली नव्हती. शाळेच्या हजेरीपटावर नाव होतं, आणि पोरगी तिकडं फडात धाकट्या भावाला सांभाळत बसलेली. सातवीतली एक पोरगी होती, नाव सांगत नाही. तिची आजी म्हणली, “औंदा नेली, पुढच्या साली तिचं उरकूनच टाकतेत.” उरकून टाकणं म्हणजे लग्न. त्यात आईबाप वाईट होते असं अजिबात नाही. आईबाप सहा महिने बाहेर असताना वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा त्यांचा प्रश्न. आणि त्याचं उत्तर आमच्या फॉर्ममध्ये कुठल्याच रकान्यात नव्हतं.

शिबिर संपलं. समारोप झाला, फोटो निघाले, पेपरात बातमी आली की शिबिर उत्साहात संपन्न. नेहमी गोष्ट इथंच संपते.

पण आमचे सर पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी परत आले. एकटे, एसटीनं, काखेत ती वही. खरं तर तोवर त्यांच्याकडची एनएसएसची जबाबदारी दुसऱ्यांकडं गेली होती. हे पद कायमचं नसतं, तीन-चार वर्षांनी बदलतं. तरी ते आले. मला फोन केला, “रविवारी मोकळा आहेस का रे?” आणि आम्ही कोयते निघायच्या आधी, वहीतल्या एकेका घरी गेलो.

बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहं असतात, तुम्हाला माहीत असेल. आईबाप ऊसतोडीला गेले तर लेकरांनी गावातच राहावं, शाळा सुटू नये, त्यांच्या जेवणाची सोय व्हावी, म्हणून. पण त्यासाठी आधी यादी लागते. कुणाचं लेकरू थांबणार, कुणाकडं झोपणार, हे कोयता निघायच्या आधी ठरावं लागतं. जानेवारीत यादी करून उपयोग शून्य, तोवर लेकरू फडात गेलेलं असतं. आमची वही नेमकी तिथं कामाला आली. गुरुजींकडं आयती यादी होती, घर आणि वयासकट.

सगळी पोरं थांबली का? नाही. काही थांबली, काही गेली. एका बापानं आम्हाला सरळ सांगितलं, “सर, तुम्ही आज आलात, उद्या जाताल. रात्री पोरीला ताप आला तर कोण हाय?” सरांनी वाद घातला नाही. वहीत त्या नावापुढं लिहिलं, ‘पुन्हा भेटणे’. ती सातवीतली पोरगी मात्र आजीकडं थांबली. आता ती बारावीला आहे. एवढंच सांगतो, जास्त काही चमत्कार झाला नाही.

सर दरवर्षी येत राहिले. या कामाचा त्यांना ना पगार, ना गुण, ना पदोन्नती. शेवटच्या खेपेला जाताना त्यांनी वही माझ्या हातात दिली. म्हणाले, “तू गावात असतोस, तुझ्याकडं राहू दे.” मला वाटलं, पुढच्या खेपेला परत मागतील.

आणि मग ती एक ओळ आली. नियत वयोमानानुसार.

आपल्याकडं प्राध्यापक साठाव्या वर्षी निवृत्त होतात. त्यात वाईट काही नाही, माणसानं आराम करावाच. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. त्यांच्या जागी कोण? मी कॉलेजात चौकशी केली. जागा रिकामी आहे. त्यांचे तास आता एक मॅडम घेतात, तासिका तत्त्वावर. नेट-सेट झालेल्या, हुशार, पोरांना आवडणाऱ्या. पण तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे. सुट्टीचे नाहीत, आणि रविवारी एसटीनं वस्तीवर जाऊन ओट्यावर बसल्याचे तर नाहीतच. पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात असतील का, हे त्यांनाच माहीत नाही. मग त्यांनी ‘पुन्हा भेटणे’ असं कुणाच्या नावापुढं कसं लिहावं? बिल्ल्यावर आठ आरे, चोवीस तास. आणि शिकवणाऱ्याच्या हातात तासाचा हिशेब. दोष मॅडमचा नाही. अशी स्थिती राज्यात कितीतरी कॉलेजांची आहे.

मला आपल्याच भागातलं एक उदाहरण आठवतं. स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवायचे. पुढं हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले, नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. म्हणजे शिक्षकानं वर्गाबाहेर पडून गावात जाणं ही मराठवाड्याला नवी गोष्ट नाही. आपण त्यावरच उभे आहोत. पण त्यासाठी आधी शाळेत, कॉलेजात तो शिक्षक असावा लागतो, आणि पुढच्या वर्षीही असावा लागतो.

म्हणून मला आता त्या बातम्या वेगळ्या दिसायला लागल्यात. कोण रुजू झालं, कोण निवृत्त झालं, कुणाकडं कोणता कार्यभार गेला. आपण त्या स्क्रोल करून पुढं जातो. पण त्या एका ओळीवर एखाद्या वस्तीतल्या पोरीची शाळा अवलंबून असू शकते. श्रीफळाचा फोटो लाइक करताना एक प्रश्न तरी विचारावा, की यांचं काम आता कुणाकडं?

मग मी काय केलं? ग्रुपवर इमोजीनंतर एक मेसेज टाकला: “वही माझ्याकडं आहे. पुढच्या दसऱ्याआधी दोन रविवार कोण देतं?” दोन दिवस कुणीच बोललं नाही. तिसऱ्या दिवशी चौघं तयार झाले. एक पुण्यात कंपनीत आहे, म्हणला सुट्टी टाकून येतो. एकीचं सासर केजकडं आहे, ती म्हणली बायकांशी मी बोलते, तुम्हाला काही सांगणार नाहीत त्या. मॅडमना मी वहीची झेरॉक्स नेऊन दिली. त्या म्हणाल्या, “पुढच्या वर्षी मी असेन-नसेन, पण ही कॉलेजच्या कपाटात राहील, आणि नोंद रजिस्टरला करून ठेवते.” मला ते लई मोठं वाटलं.

तुमच्यासाठी तीनच गोष्टी. तुम्ही कॉलेजात असाल तर तुमचा एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी कोण आहे ते शोधा. त्यांना विचारा, मागच्या शिबिराचं सर्वेक्षण कुठं आहे? बहुतेक ते कपाटात असेल, धूळ झटका. आणि तुमचं शिबिर ऊसतोडीच्या गावात असेल तर फॉर्मला दोन रकाने जास्तीचे करा, ‘आज घरात’ आणि ‘कारखान्यावर’. त्याला परवानगी लागत नाही, पट्टी लागते.

सरांना मी काल फोन केला. म्हणलं, “सर, वही परत देऊ का?” ते हसले. म्हणाले, “ती माझी कधी होती? आणि हे बघ, दसऱ्याआधी येताना मलाही सांग. एसटीत आता मला अर्धं तिकीट लागणार आहे.”

महाराष्ट्रात साठीच्या पुढं नाही, पासष्टीच्या पुढं अर्धं तिकीट आहे सर, असं मी सांगणार होतो. पण म्हणलं, जाऊ दे. तिकीट मी काढतो.

चला मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडं असे कुणी सर, मॅडम, शिपाईमामा असतील, तर त्यांची गोष्ट आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. निवृत्तीची ओळ छापून यायच्या आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात. राम राम, जय भीम, सलाम!