मानेची शस्त्रक्रिया आणि रक्तदाबावरील पहारा



मानेतील मुख्य धमनी जेथे दुभागते, तेथे रक्तदाबाची जाणीव ठेवणारे ज्ञानतंतू असतात. शस्त्रक्रियेत तेथे ताण पडला, की नाडी मंदावून रक्तदाब अकस्मात कोसळू शकतो. तेव्हा शल्यविशारद हात थांबवितात. पुष्कळदा तेवढ्याने रक्तदाब सावरतो, अन्यथा भूलतज्ज्ञ ॲट्रोपिन देतात. मात्र हे वेळीच कळावयास हवे. दंडावरील पट्टा काही मिनिटांनी एकदा आकडा दाखवितो. मनगटाच्या धमनीतील नळी मात्र प्रत्येक ठोक्याला.

आम्ही प्रशासनातील मंडळी हिशेब पाहणारी. तरीही, मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार निर्धनांसाठी राखीव असलेल्या १० टक्के खाटांवरील रुग्णालाही हाच पहारा लाभावा, येथे काटकसर नको, ही आमची धारणा आहे. आपल्या देणगीचे सार्थक त्यातच आहे.