ऐकावे, पण पडताळून

(१९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत. विषय विचारल्यावर मी ‘पॉडकास्ट’ म्हणालो, तेव्हा आपल्यातलीच एक मैत्रीण म्हणाली, “हे खायचं की लावायचं?” तिच्यासाठी एवढंच सांगतो, की हा मोबाईलवर हवा तेव्हा ऐकता येणारा रेडिओ. सात पाचच्या बातम्या चुकल्या की आपल्या घरात वडील चिडायचे. इथे काही चुकत नाही, कितीही वेळा मागे नेऊन ऐकता येतं. मला ते फार उपयोगी पडलं, कारण माझं इंग्रजी पाचवीपासूनचं, आणि तेही बाईंना ठाऊक आहे तेवढंच.

पण सुरुवात पॉडकास्टपासून झाली नाही. ती आपल्या ग्रुपवरच्या एका फॉरवर्डपासून झाली. रात्री भेंडी चिरून पाण्यात टाकायची, सकाळी ते पाणी प्यायचं, साखर उतरते, गोळ्या सुटतात, असा तो मजकूर. खाली कुणा मोठ्या डॉक्टरचं नाव. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तो वाचला, बरा वाटला, आणि पुढे ढकलला. चार सेकंदांचं काम.

आपल्यातल्या एकाने तो मनावर घेतला. गोळ्या बंद केल्या. तीन-चार महिन्यांनी पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि दोन बोटं काढावी लागली. मी भेटायला गेलो तेव्हा तो चिडला नाही. म्हणाला, “अरे, तू क्वालिटीतला माणूस. तू पाठवलंस म्हणजे तपासूनच पाठवलं असशील ना.”

तो आज इथे बसला आहे. हे सांगू का, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, सांग, फक्त नाव घेऊ नकोस आणि रडू नकोस.

तीस वर्षं मी कारखान्यात तपासणीचं काम करतो. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज. एका केसाएवढ्या फरकासाठी मी माल परत पाठवलेला आहे, सुपरवायझरशी भांडलेलो आहे. आणि मित्राच्या जिवाशी संबंध असलेली गोष्ट मी गेज न लावता पुढे पाठवली.

त्यानंतर पुतणीने मला मोबाईलमध्ये एक कार्यक्रम लावून दिला. ‘द स्केप्टिक्स गाइड टू द युनिव्हर्स’. मे २००५ पासून दर आठवड्याला निघतो, आता हजाराच्या वर भाग झाले आहेत. चालवणारे स्टीव्हन नोव्हेला हे अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ आहेत. सोबत त्यांचे दोन सख्खे भाऊ आणि आणखी मंडळी. भाऊ-भाऊ असल्यामुळे एकमेकांना अडवताना भीडभाड नाही. चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये सव्वा तास मिळतो, त्यात मी ऐकायला लागलो. पहिला महिनाभर निम्मं डोक्यावरून जायचं.

एक गोष्ट मात्र लगेच कळली, कारण ती माझ्याच खात्यातली होती. रक्तातली साखर रोज सारखी नसते, वरखाली होते. माणूस घरगुती उपाय कधी सुरू करतो? आकडा सगळ्यांत वाईट आला की. आणि सगळ्यांत वाईट आकड्यानंतरचा आकडा बहुतेक वेळा थोडा बराच येतो, भेंडी प्या नाहीतर पिऊ नका. मग माणूस म्हणतो, गुण आला. आमच्याकडे नवा ऑपरेटर नेमकं हेच करतो. एक नग जरा मोठा आला की लगेच मशीनची सेटिंग फिरवतो, पुढचा नग बरा आला की त्याला वाटतं आपण दुरुस्त केलं. तो नग तसाही बरा येणार होता. अशा ऑपरेटरला मी कितीदा झापलं असेल. पण हाच नियम माणसाच्या अंगालाही लागू आहे, हे माझ्या पन्नाशीपर्यंत डोक्यात आलं नव्हतं. भेंडीची भाजी खुशाल खा. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

दुसरं शिकलो ते असं की तपासणाऱ्याला कुठला नग कुणाचा हे माहीत नसावं. याचं उत्तम उदाहरण परदेशातलं नाही, पुण्यातलंच आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकरांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका घेतल्या, नावं काढून टाकली, आणि ज्योतिष्यांना विचारलं की पत्रिका पाहून सांगा, हे मूल यातलं की त्यातलं. प्रत्येकाला चाळीस पत्रिका. सत्तावीस जणांची उत्तरं आली. सरासरी बरोबर उत्तरं निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. या कामात त्यांच्यासोबत डॉ. नरेंद्र दाभोलकर होते. पुढे २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांचं काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे. शंका विचारणं हा आपल्याकडे बसमध्ये बसून करायचा छंद नाही, याची मला जाणीव आहे.

आणि खरं म्हणजे पहिला धडा आपल्याला इथेच मिळाला होता. २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो म्हणून सगळा देश रांगेत उभा होता. मीही होतो, खोटं कशाला सांगू. परत येताना सरांच्या घरावरून आलो. सर अंगणात पाटा-वरवंटा घेऊन बसले होते, वरवंट्याला दुधाचा चमचा लावत होते, आणि वरवंटा दूध पीत होता. सर म्हणाले, “पृष्ठताण. आठवीत शिकवलाय.” आम्ही मान डोलावली आणि घरी जाऊन आईला सांगितलं, की गणपतीने दूध प्यायलं. सर, आज तीस वर्षांनी कबूल करतो.

आता थोडं उलटंही बोलतो. हे शंकेखोर कार्यक्रम मला सगळेच आवडतात असं नाही. काहींमध्ये फसलेल्या माणसांची फार टिंगल होते. फसलेला माणूस मूर्ख असतोच असं नाही. माझा मित्र मूर्ख नाही, त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. दुसरं म्हणजे हेच साधन उलट्या कामालाही तितकंच चांगलं चालतं. चांगला माईक, गोड आवाज, दीड तास निवांत गप्पा, आणि शेवटी एक चूर्ण विकायचं, असेही पॉडकास्ट पुष्कळ आहेत. कानात बोलणारा माणूस आपल्या घरचाच वाटायला लागतो, ही गोची आहे.

मग ओळखायचं कसं? मी एकच बघतो. कार्यक्रम स्वतःची चूक कबूल करतो का? बीबीसीचा ‘मोर ऑर लेस’ नावाचा कार्यक्रम आहे, २००१ साली रेडिओवर सुरू झालेला, आता पॉडकास्ट म्हणूनही मिळतो. टिम हारफर्ड नावाचे अर्थतज्ज्ञ तो सादर करतात. बातम्यांमधला एखादा आकडा घ्यायचा आणि तो आला कुठून याचा माग काढायचा, एवढंच त्यांचं काम. कुणी कोटींचा आकडा फेकला की ते विचारतात, हा आकडा खरंच मोठा आहे का? कितीजणांत वाटला गेला, किती वर्षांत? आणि आपलं चुकलं तर तसं सांगतात. चूर्णवाला कधी म्हणत नाही, की मागच्या भागात आमचं चुकलं.

मराठीत असं रोजच्या जगण्यातलं तपासून सांगणारं खूप व्हायला हवं. आपल्यात दोन डॉक्टर आहेत, एक औषध दुकानदार आहे, शेतीखात्यातली मैत्रीण आहे. आपल्याच ग्रुपवर आठवड्याला पाच मिनिटांचा आवाज टाकायला काय लागतं? मी सुरुवात करायला तयार आहे, पण मला एकट्याला ऐकून तुम्ही कंटाळाल.

शेवटी एक खेळ. त्या अमेरिकन कार्यक्रमात ‘सायन्स ऑर फिक्शन’ नावाचा भाग असतो. काही विधानं सांगतात, त्यातलं एक खोटं, ते ओळखायचं. आजची तीन ऐका. एक, शुक्र ग्रहाची स्वतःभोवतीची एक फेरी त्याच्या वर्षापेक्षा लांब असते. दोन, केळ्यात किंचित किरणोत्सार असतो. तीन, माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो. खोट्यावर हात वर करा.

(शुक्रावर बरेच हात आले. केळ्यावर सगळ्यांत जास्त. तिसऱ्यावर चार, त्यात पी.टी.च्या सरांचा एक.)

पी.टी.चे सर जिंकले! शुक्राला स्वतःभोवती फिरायला आपले २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती २२५. केळ्यात पोटॅशियम असतं, त्यातलं थोडं किरणोत्सारी असतं, खायला काही धोका नाही. आणि मेंदू आपण सगळा वापरतो. छोट्याशा भागाचा रक्तपुरवठा तुटला तरी माणसाचं बोलणं जातं, हात जातो, हे आपल्या घराघरांत आपण पाहिलं आहे. दहा टक्क्यांचं वाक्य आपल्याला नववीत याच सभागृहात एका पाहुण्यांनी सांगितलं होतं, आणि आपण टाळ्या वाजवल्या होत्या.

माझा मित्र मागून खूण करतोय, चहा आला म्हणून. हल्ली तो ग्रुपवर माझ्या प्रत्येक मेसेजखाली एकच शब्द लिहितो, ‘तपासलंस?’