आधी वण, मग तजेला



व्यासपीठावरचे मान्यवर, ठिकठिकाणांहून आलेले त्वचारोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन, आणि माझ्या तळवडेकर बंधू-भगिनींनो,

एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी आणि मधल्या रस्त्यावर कंटेनरची रांग, असं आमचं तळवडे. 1997 साली गाव महापालिकेत गेलं, पुढे आयटी पार्क आलं, तरी शेडमधले प्रेस अजून धडधडतातच. चौकात ज्यांच्या गाड्या अडकल्या त्यांची माफी मागतो. तिथे आमचंही काही चालत नाही.

मी डॉक्टर नाही, फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप चालवतो. इंजेक्शनने त्वचेला नवी उभारी देण्याच्या परिषदेचा मी स्वागताध्यक्ष झालो, हे ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "आधी आरशात बघून या."

पण विषय या मुलखाला परका नाही. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. 1793 साली पुण्याजवळ एका कुंभाराने त्याचं नाक पुन्हा बसवलं. आधी मेणाचा साचा नाकाच्या जागी बेतला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली आणि तेवढं कातडं खाली वळवलं. ही हकीकत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आली. त्या कुंभाराचं नाव मात्र कुणी टिपून ठेवलं नाही. मला यात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की तो रोगी एक गाडीवान होता.

आज तुमच्या हातात त्याहून नाजूक साधनं आहेत. पीआरपी, म्हणजे रोग्याच्याच रक्ताचं इंजेक्शन, देताना मी स्वतः पाहिलं आहे. हाताच्या शिरेतून थोडं रक्त काढलं, नळी यंत्रात गरगर फिरवली. बाहेर आली तेव्हा तळाशी लाल थर आणि वर गवती पिवळं पाणी. डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. त्याच प्लेटलेट दाट करून, बारीक सुईने पुन्हा त्याच माणसाच्या कातडीत सोडायच्या. त्यांच्यातून जे घटक सुटतात, ते पेशींना नवं कोलाजेन बनवायच्या कामाला लावतात. आता हायलुरोनिक अ‍ॅसिड आहे, पोटाची चरबी गाळून वणाखाली भरायचं नॅनोफॅट आहे, सॅल्मन माशापासून काढलेलं पॉलिन्यूक्लिओटाइड आहे. या शेवटच्याबद्दल एक सांगू का? इथे माळकरी मंडळी बरीच. सुई टोचण्याआधी मासा आहे हे त्यांना सांगा, नंतर नको.

आयटी पार्कमधल्या मुला-मुलींना चेहरा तजेलदार हवा असेल तर त्यात काही वाईट नाही. कमावतात, खर्च करतात. पण माझ्या शेडमध्ये वेल्डर बाही वर सरकवतो तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे वण दिसतात, काही जाड होऊन चकाकणारे. आणि 8 डिसेंबर 2023 आम्ही विसरलेलो नाही. केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या इथल्याच एका शेडला आग लागली. सहा जणांचा जीव त्याच दिवशी गेला, पुढे उपचार चालू असताना आणखी काही जणांचा. होरपळलेल्यांत बहुतेक बाया होत्या. अशा भाजण्यातून जी वाचते, तिचा हात कोपरात सरळ होत नाही, मान वळत नाही. आणि ती लग्नकार्यात मागच्या रांगेत बसते, हे तुमच्या केसपेपरवर येत नाही. नॅनोफॅटने जुना वण मऊ पडतो, असं तुमच्यातलेच काही सांगतात. पुरावा अजून पक्का नाही, असंही तेच सांगतात. मग तो पक्का करायला याहून योग्य जागा कुठली? ज्याला केलॉइड, म्हणजे वाढत जाणारा जाड वण, आहे त्याला साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शननेही उतार पडतो; तेही त्याला वेळेवर मिळू द्या.

दुसरं, जरा तिखट बोलतो. ब्यूटी पार्लरच्या मागच्या खोलीत सुया टोचल्या जातात, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये विनापरवाना स्पामध्ये असंच रक्ताचं फेशियल झालं आणि गिऱ्हाइकांना एचआयव्हीची लागण झाली. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने 2024 मध्ये त्याचा अहवाल छापला. एक्सोसोमचा, म्हणजे पेशींतून सुटणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांचा, गाजावाजाही मोठा आहे, पण अमेरिकेच्या एफडीएने अजून एकाही एक्सोसोम उत्पादनाला मान्यता दिलेली नाही. माझ्याकडे पत्र्याचा लॉट आला की टेस्ट सर्टिफिकेट आणि हीट नंबर पाहिल्याशिवाय तो प्रेसखाली जात नाही. माणसाच्या गालात जाणाऱ्या कुपीला तेवढं तरी इन्स्पेक्शन हवं. कुपी रोग्यासमोर फोडा, लेबल केसपेपरला चिकटवा. कातडीखाली भरायचं फिलर रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते, हेही सही घेण्याआधी मराठीत सांगा.

दुपारच्या चर्चेसाठी स्वागत समितीचा एकच विषय आहे. या पट्ट्यातल्या भाजलेल्या कामगारांसाठी महिन्यातून एक दिवस वणांची ओपीडी सुरू करता येईल का? जागा आणि चहा-पाणी आम्ही कारखानदार बघतो, डॉक्टर तुम्ही द्या. नावनोंदणीची वही जेवणाच्या मंडपात ठेवली आहे. पिठलं-भाकरीच्या रांगेत उभं राहण्याआधी तिच्यात नाव लिहावं, ही विनंती.

आता अध्यक्षांनी परिषदेचं उद्घाटन करावं.